धावपट्टीखालचं रान

यादी आली तेव्हा आम्ही कोठारात बियाणं कापत होतो.

एप्रिल अर्धा सरला होता, तरी शेतांच्या उत्तर अंगाला बर्फाचे पट्टे तसेच होते. कोठार टेकडीच्या पोटात निम्मं गाडलेलं, आत कायम गारवा आणि मातीचा, मोडांचा ओलसर वास. फळीवर विळीसारखी उभी सुरी बसवलेली असते. तिच्यावर बटाटा दाबायचा, फिरवायचा, पुन्हा दाबायचा. प्रत्येक फोडीला दोन डोळे आले पाहिजेत. सासरे डोळे मिटून कापत. त्यांची थोरली बहीण एक्झिल्डा, आमच्या आत्या, जास्त बोलत आणि कमी कापत. मी मधे.

नवरा, नॉर्मांड, दारात येऊन उभा राहिला. दुपारचे दोनच वाजले होते आणि त्याची पाळी चारला सुटायची.

"नाव आलंय," तो म्हणाला.

"कुणाचं?" सासऱ्यांनी मान वर केली नाही.

"आपल्या हवाई तळाचं. बंद करायच्या यादीत."

सासऱ्यांच्या हातातल्या बटाट्याच्या चार फोडी झाल्या. त्या टोपलीत पडल्या. त्यांनी दुसरा घेतला.

"चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, देवाला ऐकू आलं!" आत्या म्हणाल्या.

"आत्या, त्या देवाला हेही सांगा की माझी भाकरी तिथंच आहे," नॉर्मांड म्हणाला. "आणि क्लेमाँसचीही."

क्लेमाँस मी. तळाच्या भोजनगृहात चौदा वर्षं स्वयंपाक केला. नॉर्मांड तळाच्या उष्णतागृहात होता. मोठमोठे बॉयलर, त्यांची वाफ नळांतून मैलभर पसरलेल्या इमारतींना पोचवायची. आमच्या सेंट ओदिल गावात असं घर नव्हतं की ज्यातलं कुणी ना कुणी कुंपणाच्या आत कामाला नव्हतं. उन्हाळ्यात बटाटा, हिवाळ्यात तळ. दोन्ही मिळून एक वर्ष व्हायचं.

पण आमच्या घराचं आणि तळाचं नातं जरा वेगळं होतं. धावपट्टीचा दक्षिणेकडचा तुकडा आमच्या रानात होता. म्हणजे आमचं रान तिच्याखाली होतं.

सत्तेचाळीस साली सरकारी माणसं नकाशा घेऊन आली. सासऱ्यांचे वडील दामास यांना त्यांनी कागद दाखवला. दामासना फ्रेंच येई, इंग्रजी वाचता येत नव्हतं. पोरीनं, म्हणजे आत्यांनी, वाचून सांगितलं: एकशेदहा एकर, बर्फ पडायच्या आत रिकामे. सगळ्या काउंटीत त्यापेक्षा चांगली माती नव्हती, असं दोघं बहीणभाऊ सांगत. पैसे मिळाले ते सरकारनं ठरवलेले. घर मात्र न्यायची परवानगी होती. मग घर जॅकवर उचललं, खाली ओंडके सारले आणि दोन ट्रॅक्टर लावून सव्वादोन मैल ओढत आणलं. दामास काही खुर्चीवरून उठले नाहीत. स्वयंपाकघरात, टोपी डोक्यावर, हात मांडीवर, तसेच बसून घराबरोबर आले. त्यांच्या बायकोनं चूल विझू दिली नव्हती. भट्टीत घेवड्याचं भांडं होतं. घर नव्या जागी टेकलं तेव्हा घेवडा शिजला होता म्हणे.

तेव्हापासून त्या घरातलं एकही दार नीट लागत नसे.

दामास पुढं अकरा वर्षं जगले. त्या दिशेला तोंड करून कधी बसले नाहीत. आणि ओव्हिला, माझे सासरे, त्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात त्या धावपट्टीचं काँक्रीट ओतायला मजुरी धरली. सत्तावीस वर्षांचे होते. बापानं दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. काँक्रीट झाल्यावर हिवाळ्यात बर्फ लोटायची गाडी धरली, ती एकतीस हिवाळे.

ते दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतो. मोठी आठ इंजिनांची विमानं उठायची तेव्हा कपाटातल्या बशा एकमेकींना काही सांगत असल्यासारख्या वाजायच्या. फोनवर बोलणारी माणसं दोन्हीकडून गप्प होत, विमान गेलं की अर्ध्या शब्दापासून पुन्हा सुरू. पाद्रीसुद्धा प्रवचनात थांबायचे. आणि बर्फ पडत असताना आमच्या माळ्यावरच्या खिडकीतून गाड्यांचे पिवळे दिवे दिसायचे. एकामागं एक, तिरक्या रांगेत सहा गाड्या, पहिलीचा बर्फ दुसरीनं उचलायचा, दुसरीचा तिसरीनं. पट्टी काळी दिसली पाहिजे असा हुकूम असे. पहिल्या गाडीवर सासरे. उणे पस्तीसमध्ये घरी यायचे तेव्हा मिशा काचेच्या झालेल्या असायच्या. कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि काकवी पुढं ठेवली की पाच मिनिटं नुसते वाफेवर तोंड धरून बसायचे.

"आज विहिरीवरून किती वेळा गेलास?" आत्या खवचटपणे विचारायच्या.

"चौदा," ते सांगायचे. खरंच मोजलेलं असायचं.

जुनी विहीर पट्टीखाली गेली होती. दर वसंतात तिथली एक लादी बोटभर वर यायची. इंजिनियर यायचे, मोजायचे, फोडून पुन्हा ओतायचे. सासऱ्यांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, खाली पाणी आहे. कुणी लिहून घेतलं नाही. मग त्यांनीही सांगणं सोडलं.

तर यादी आली आणि गावाला एकच प्रश्न उरला: राहणार का जाणार?

हार्डवेअरच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याकडं, दुसरं बोलणंच नाही. ज्याला त्याला खुणा दिसत होत्या. पाण्याच्या टाकीला रंग देतायत, बंद करायच्या जागेला कोण रंग देतं? युरोपला इतकी जवळ पट्टी दुसरी कुठं आहे? लगेच दुसरा म्हणे, अरे, रशियावाले आता दोस्त झाले, युरोपला जाऊन करायचंय काय? इमारती जुन्या, हिवाळा सात महिन्यांचा, नुसतं तापवण्यातच यांचं दिवाळं निघतं. माझ्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दोन नव्या भट्ट्या आल्या. मी घरी येऊन सांगितलं तर नॉर्मांडनं मला उचलून गोल फिरवलं. अठरा वर्षांच्या संसारात असं कधी केलं नव्हतं. आठच दिवसांनी त्याच्या तिसऱ्या बॉयलरची मागणी रद्द झाल्याचं कळलं. त्या संध्याकाळी तो जेवताना ताटाकडं बघत राहिला.

"भट्ट्या आल्या ना पण," मी म्हटलं.

"भट्टी उचलून नेता येते," तो म्हणाला.

लावणी सुरू झाली. बियाणं टाकायच्या यंत्रावर सासरे मागं बसायचे, फोड चुकली की हातानं टाकायला. सत्तरीतही ती जागा सोडत नव्हते. एका दुपारी बांधाशी रेजिनाल्ड ड्यूबेची गाडी थांबली. हार्डवेअरचं दुकान त्याचं, आणि तळ वाचवा समितीचा तो अध्यक्ष. नांगरलेल्या रानातून चांगले बूट घालून उड्या मारत आला.

"ओव्हिला, यादीवर मत देणाऱ्या आयोगाची माणसं यायचीत. शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी आहे. तुम्ही बोलायचं."

"मी काय बोलू?"

"सगळं लिहून आणलंय." त्यानं घडी केलेला कागद काढला. "तीनच मिनिटं. तुम्ही जमीन दिलीत, धावपट्टी बांधलीत, बर्फ काढलात. असा दुसरा माणूस नाही आपल्याकडं."

सासऱ्यांनी हातमोजे काढले, कागद लांब धरून वाचला. ओठ हलत होते. एका जागी थांबले.

"'आम्ही देशासाठी आनंदानं दिली.'"

"हां. तिथं जरा थांबायचं. परिणाम होतो."

"आनंदानं?"

रेजिनाल्डनं माझ्याकडं पाहिलं, मग बुटांकडं. "ओव्हिला, बोलू का स्पष्ट? लोक काय म्हणतात तुम्हाला माहीत नाही. म्हणतात, तळ गेला तर ओव्हिलाला रान परत मिळेल, त्याचं बरंच आहे. मी म्हणतो तसं नाही. पण तुम्ही उभे राहिलात तर तोंडं बंद होतील."

सासऱ्यांनी कागद छातीच्या खिशात घातला, वरचं बटण लावलं. "पाऊस यायच्या आत हा तुकडा व्हायचाय," म्हणाले आणि यंत्रावर चढून बसले.

लोक म्हणत होते हे खरं होतं. रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर नेहमी बसणारं एक कुटुंब तेव्हापासून दोन बाकं मागं बसू लागलं. त्यांच्या मुलीचा नवरा तळावर होता. प्रार्थनेत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा सासरे मागं वळून हात पुढं करून उभे राहिले. त्या बाईनं पाकीट उघडून त्यात काहीतरी शोधायला घेतलं. हात तसाच हवेत राहिला. मग मी तो धरला.

आणि रान परत मिळेल का, हा विचार त्यांच्या मनात नव्हता असं मी म्हणणार नाही. यादी आल्यापासून ते रोज संध्याकाळी गाडी काढून कुंपणापर्यंत जात. एकदा मला घेऊन गेले. पलीकडं गवत, मग पट्टी. "तिथं सफरचंदाची अकरा झाडं होती," बोट दाखवून म्हणाले. "तिथं उतार आहे, पाणी थांबत नाही. ओट पेरले की छातीला लागायचे." ते बोलत होते ते भूतकाळात, पण हात जो हलत होता तो पेरणीचा होता.

घरी आत्यांनी कागद वाचला आणि चष्मा आपटला.

"हे म्हणणार तू? आनंदानं? बाप खुर्चीत बसून आला तो काय सहलीला निघाला होता?"

"नॉर्मांडची नोकरी आहे, एक्झिल्डा."

"नोकरीसाठी मेलेल्या बापाच्या तोंडात शब्द घालायचे?"

"तू कधी गेली नाहीस आत," सासरे एकदम चढ्या आवाजात म्हणाले. मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "चव्वेचाळीस वर्षं खिडकीतून शिव्या देतेस. मी एकतीस हिवाळे ती पट्टी काळी ठेवली. कुणासाठी ठेवली? ती दुसऱ्याची आहे असं रोज मनात धरून ठेवता येत नाही. हात लागला की वस्तू आपली होते."

आत्या उठून खोलीत गेल्या. दार ओढलं, ते लागलं नाही.

जूनच्या पहिल्या गुरुवारी सुनावणी झाली. शाळेला सुट्टी दिली होती. तळाच्या फाटकापासून गावापर्यंत माणसं फलक घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती. म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली होती. आयोगाच्या गाड्या काचा वर करून पुढं गेल्या. एकानं हात हलवला, त्यावर गाव तासभर बोलत होतं.

व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली लांब टेबल. तिघं पुरुष, एक बाई, समोर पाण्याचे पेले. आधी मोठी मोठी माणसं तक्ते लावून बोलली. मैल, टन, मिनिटं. मग बँकवाला, मग शाळेची मुख्याध्यापिका. सासऱ्यांचा नंबर आला तेव्हा सगळे थकले होते. त्यांनी लग्नाचा कोट घातला होता, तो पाठीवर ताणला होता. मायक्रोफोन त्यांच्यासाठी खाली करावा लागला. कागद उघडला. 'आम्ही' म्हणाले आणि थांबले. रेजिनाल्ड पहिल्या रांगेतून ओठ हलवून शब्द सांगू लागला.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"मला लिहून दिलंय की जमीन दिली. आम्ही दिली नाही," ते म्हणाले. "तुम्ही घेतली. माझा बाप खुर्चीतून उठला नाही, घर ओढलं तेव्हा. हे कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. राग म्हणून नाही."

नॉर्मांडनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखायला लागलं.

"मग मी त्यावर काँक्रीट ओतलं. मग एकतीस वर्षं बर्फ काढला. एकदा रात्रंदिवस छत्तीस तास. विमानं वर होती, त्यांना उतरायचं होतं. तेव्हा मला जमीन आठवली नाही, वरची पोरं आठवली. माझा मुलगा तुमच्या इमारती तापवतो. सून तुमच्या लोकांना जेवायला घालते. घेताना तुम्ही विचारलं नव्हतं. आज विचारायला आलात, तर सांगतो. एकदा घेतलंत, पुन्हा घेऊ नका."

टेबलामागची बाई पुढं झुकली. बाकीच्यांना तिनं फारसं काही विचारलं नव्हतं. "महोदय, तळ बंद झाला तर ती जमीन तुम्हाला परत हवी आहे का?"

खोटं सासऱ्यांना कधी जमलं नाही.

"हवी होती," ते म्हणाले. "रोज. आज सकाळपर्यंत हवी होती." मग त्यांनी कागद खिशात टाकला. "पण तिच्यावर काँक्रीट आहे, बाई. मीच ओतलंय. चांगलं ओतलंय."

लोक हसले. ते हसले नाहीत.

"तेव्हा दिली नव्हती. आज देतो. माझ्या बापाच्या वतीनं, माझ्या वतीनं. राहू द्या तुमच्याकडं. फक्त इथून जाऊ नका."

त्यांनी टोपी उचलली आणि चालत आमच्याकडं आले. टाळ्या लगेच झाल्या नाहीत. आधी ती चर्चमधली बाई उभी राहिली, मग बाकीचे. टेबलामागं एकजण घड्याळ बघत होता, हेही मी पाहिलं. पण आयोगाच्या त्या बाईनं चष्मा काढला होता.

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "म्हणालास आनंदानं?"

"नाही."

आत्यांनी त्यांच्या ताटात वाढलं. नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी आयोगाचं मतदान झालं. दूरदर्शनसमोर आम्ही चौघं. त्या बाईनं आमच्या बाजूनं हात वर केला. इतरांनी नाही केला. एका मिनिटाचं काम होतं, पुढचं नाव लगेच सुरू झालं. नॉर्मांडनं संच बंद केला. सासरे म्हणाले, "भर द्यायला हवी बटाट्याला," आणि रविवार असून रानात गेले. मी खिडकीतून पाहत होते. ते ट्रॅक्टरवर चढलेच नाहीत. सरींमधे जाऊन हातानं माती ओढून एकेका झाडाच्या बुडाशी लावत होते. अंधारेपर्यंत तेच.

तळ एका दिवसात बंद होत नाही. त्याला तीन वर्षं लागली. आधी शाळेत बाकं रिकामी झाली, मग चित्रपटगृह बंद झालं. माझ्या भोजनगृहात तीनशे पानांवरून ऐंशीवर आलो. मोठ्या पातेल्यात थोडं शिजवलं की ते खाली लागतं. मी ते नव्यानं शिकले. त्या दोन भट्ट्या खरंच उचलून नेल्या. नॉर्मांडला कनेक्टिकटमधल्या कारखान्यात जागा मिळाली. जाताना तो बापापुढं नुसता उभा राहिला.

"पापा, खणणीला सुट्टी काढून येईन."

"नको. नवीन जागी पहिल्याच वर्षी सुट्टी मागू नये," सासरे म्हणाले. "जा. हिटर चालू ठेव गाडीत, काच धुरकटते तुझी." बस, इतकंच.

मी त्र्याण्णवच्या खणणीपर्यंत मागं राहिले. पूर्वी खणणीला तळावरची पोरं सुट्टीच्या दिवशी यायची. टेक्सासची, जॉर्जियाची, बटाटा जमिनीखाली लागतो हे पाहून चाट पडणारी. हॉलिस नावाचा काळा सार्जंट तर सलग सहा वर्षं आला. दुपारी आत्यांशेजारी पिंपावर बसून त्यांची फ्रेंच शिवी न शिवी शिकला होता आणि त्यांना "मॅडम" म्हणून ती परत ऐकवायचा. आत्या लटक्या रागानं त्याच्या पाठीत टोपली हाणायच्या. त्या वर्षी कुणी आलं नाही. सरीला आम्ही पाचजण. कमरेचा काटा ढिला झाला होता.

शेवटचं मोठं विमान कधी जाणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी अकरा. सासऱ्यांनी खणणीयंत्र थांबवलं. आम्ही उभे राहिलो, माती लागलेले हात कमरेवर. आत्या सरीच्या टोकाला उलट्या टोपलीवर बसल्या होत्या, ऐंशीच्या झाल्या होत्या, तरी डाग लागलेले बटाटे वेगळे काढायला येतच.

ते आलं. आमच्यावरूनच गेलं, नेहमीसारखंच, पायाखालची जमीन हलवत. सासऱ्यांनी टोपी काढली नाही, हात हलवला नाही. फक्त मान फिरवत गेले, ते ठिपका होईपर्यंत. मग आवाज राहिला, मग तोही बारीक होत होत टेकड्यांमागं गेला. इतकी शांतता त्या रानात मी कधी ऐकली नव्हती. लांब कुणाच्या तरी कुत्र्याच्या गळ्यातली साखळी वाजत होती, ती ऐकू आली.

आत्या रडत होत्या. तोंड वाकडं करून, लहान पोरीसारख्या.

सासरे सावकाश त्यांच्यापाशी गेले. "आता काय झालं? चव्वेचाळीस वर्षं हेच मागत होतीस ना?"

"सेहेचाळीस," त्या म्हणाल्या आणि मातीच्याच हातानं नाक पुसलं. "आता मी शिव्या कुणाला देऊ रे, ओव्हिला?"

"मला दे."

"तुला देऊन काय उपयोग! तू उलट आवाज करत नाहीस."

ते हसले. फार दिवसांनी हसले. बहिणीच्या डोक्यावरचा रुमाल सरळ केला, खाली वाकून तिच्या पायाशी लोळणारे दोन बटाटे टोपलीत टाकले आणि यंत्राकडं परत निघाले. आत्या मागून काहीतरी बोलत होत्या, हातवारे करून, चांगलं खणखणीत. पण यंत्र सुरू झालं होतं. आम्ही वाकलो.